रडक्या पळसाचा थांबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे वाक्य आमच्या सावली गावच्या जीप स्टँडवर म्हटलं असतं तर चहावाल्यापासून सगळे हसले असते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाची म्हैस कुणाच्या धानात शिरली, कुठल्या गुरुजींनी केस काळे केले – जीप गडचिरोलीला पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. वीस-बावीस वर्षं काळी-पिवळी चालवली मी. माझं नाव देवा; लोक म्हणायचे, देवाची जीप डिझेलवर कमी आणि तोंडावर जास्त चालते.

पण एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे – ठेवली. दाबून ठेवली. बायकोलाही नाही सांगितली, आणि माझी बायको अशी की मी नुसता ढेकर दिला तर कुठल्या हॉटेलात भजी खाल्ली ते सांगते. तिलाही या गोष्टीचा वास लागला नाही. किंवा लागला असेल. आता मी कशावरच पैज लावत नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगून टाकावं, तसं. पुढच्या थांब्यावर तो उतरणारच असतो.

तर आधी दगड. दगडांशिवाय हे कळायचं नाही.

आमच्या स्टँडवर कडुनिंबाखाली दगडांची एक रांग असायची. जितक्या जीपा तितके दगड. ज्याचा दगड पहिला, त्याचा नंबर. जीप भरून निघायच्या आधी ड्रायव्हरनं आपला दगड उचलायचा, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायचा, आणि बाकीच्यांनी आपापला दगड एक-एक घर पुढे सरकवायचा. वही नाही, पाटी नाही. प्रत्येकाचा दगड प्रत्येकाला पाठ. गोविंदाभाऊ आमच्यात सगळ्यात जुने, म्हणून अध्यक्ष. त्यांचा दगड पाट्यासारखा चपटा. माझा मेंढराच्या डोक्यासारखा होता. मालकावर गेला आहे, असं म्हणायचे. आणि वासूचा निळा.

एखादा आजारी पडला तरी त्याचा दगड रांगेतून निघत नसे. तो सरकत राहायचा, आणि नंबर आला की दुसरा कुणीतरी त्याची जीप काढून त्याची फेरी मारून आणायचा. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर माझी फेरी वासूनं मारली. आधी स्वतःची, मग माझी.

हे इथं सांगायची तशी गरज नव्हती. पण सांगितलं.

वासू म्हणजे वासुदेव. बारावी शिकलेला, कमी बोलणारा, आणि माझ्या विनोदावर सगळ्यात आधी हसणारा. पेपर तो वाचायचा, आम्ही त्याच्याकडून ऐकायचो. विम्याचे, परवान्याचे सगळ्यांचे कागद तोच भरायचा. चौदा एप्रिल आली की आदल्या दिवशी स्वतःच्या दगडाला नवा निळा रंग द्यायचा – नीट, दुसरा हातसुद्धा मारायचा, जसा काही देवळाचा कळस रंगवतोय. मी चिडवायचो. तो म्हणायचा, “तुह्या मेंढराले बी मारू का एक हात?”

आता थांबे. आमच्या रस्त्यावर सरकारी थांबे मोजके, बाकीचे आमचे. ‘मास्तरची मोरी’ – तिथं एक मास्तर सायकलीसकट मोरीत गेले होते. ‘दोन बाभळी’ – त्यातली एक कधीच तुटली, पण नाव तेच. ‘सासुरवाडी’ – आमच्यातल्या किसनाची सासुरवाडी तिथं, म्हणून. त्या गावाला स्वतःचं चांगलं नाव आहे, ते फक्त तलाठ्याला माहीत असेल. ही नावं कुठल्या नकाशात नव्हती. आमच्या तोंडात होती, आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या.

आणि एक नाव फक्त दोघांना माहीत होतं. मला आणि वासूला.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसवर ड्रायव्हर हवे होते. वर्दी, सुट्टी, बांधलेला पगार. वासूनं अर्ज केला. सोबत म्हणून मी गेलो – म्हणजे वाटेत बडबड करायला. गाडी त्यानं अशी चालवून दाखवली की परीक्षा घेणाराच खूश झाला. मग डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीत ठिपकेच ठिपके, आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. मला दारातून दिसला. वासूला दिसेना. दुसरं पान. दिसेना. लाल आणि हिरवा त्याला वेगळा कळतच नव्हता. चाळिशीला टेकेपर्यंत हे त्याला माहीत नव्हतं! कसं असणार? सावलीत सिग्नलच नव्हता.

परत येताना, मूल गाव सोडल्यावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला. मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, “पाय बे, जंगल कसं पेटून राह्यलं!”

वासूनं जीप थांबवली. उतरला. एका मोठ्या पळसाखाली उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, “मले तं सारं वाळल्या पाल्यावानी दिसते गा.” मग खाली बसला, आणि रडला. नोकरीसाठी की रंगासाठी, मी विचारलं नाही. मला अशा वेळी काही सुचत नाही, म्हणजे विनोदच सुचतो. मी म्हटलं, “आजपासून या झाडाचं नाव रडका पळस.” तो नाक पुसत हसला. आणि मग म्हणाला, “कोनाले सांगजो नको देवा. डोळ्याचं समजलं तं माह्या जीपमंधी कोन बसन?”

मी शपथ घेतली. आणि पाळली – बरीच वर्षं. त्या झाडापाशी आमच्या जीपा समोरासमोर आल्या की मी हॉर्न दोनदा वाजवायचो. दरवर्षी शिमग्याच्या सुमारास तो मला हळूच विचारायचा, “फुलला का?” मी त्याला रंग सांगायचो. आज शेंदरासारखा आहे, आज विस्तवासारखा. तो ऐकायचा. “निळा तेवढा चोख दिसते मले,” म्हणायचा.

मग ॲपवाले आले.

कंपनीचं नाव घेत नाही. घेऊन काय करायचं? एक पांढरी गाडी आली, त्यातून बूट घातलेला एक तरुण साहेब उतरला, आणि आमच्या कडुनिंबाखाली त्यानं सगळ्यांना टोप्या वाटल्या. म्हणाला, आता माणूस स्टँडवर येऊन जीप भरायची वाट बघणार नाही. घरून फोनवर जागा धरेल, आपल्या थांब्यावर उभा राहील, गाडी कुठवर आली ते त्याला फोनवर दिसेल. सगळ्या गाड्या जोडलेल्या. नंबर फोन देईल.

गोविंदाभाऊंनी टोपी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “गाडी आमची, डिझल आमचं, रस्ता सरकारचा. मंग याच्यात तुमचं काय हाये जी?”

“आम्ही जोडून देतो, काका.”

“जोडाले तं आमी बैलं बी जोडतो.”

सगळे हसले. साहेबही हसला. तो गेल्यावर मात्र कुणी हसलं नाही. गोविंदाभाऊ म्हणाले, नंबर फोननं द्यायचा तर दगडांचं काय करायचं, लोणच्यावर ठेवायचे? मग ठरलं. कुणी नाव नोंदवायचं नाही, कुणी माहिती द्यायची नाही. आणि प्रत्येकानं आपापल्या दगडावर हात ठेवून तसं म्हणायचं. मीही ठेवला. मेंढराच्या डोक्यावर. दगड उन्हानं तापलेला होता, हे मला अजून हाताला आठवतं.

आठच दिवसांनी तो साहेब माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसला. भाडं देऊन, साधा प्रवासी म्हणून. इतक्या जीपा सोडून माझीच का? कुणीतरी सांगितलं असेल त्याला, की ज्याला बोलायला लागतं तो हा.

त्यानं एवढंच विचारलं, “काका, इथं लोक नेमके कुठं कुठं उभे राहतात?” आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. रेकॉर्ड करायला.

बघा, मला पैशाची लालूच नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान समजण्यासारखं. मला कुणी कधी असा फोन तोंडासमोर धरून विचारलं नव्हतं. जसा काही मी आमदारच. तो योग्य जागी हसायचा. मधेच म्हणायचा, “काका, तुम्ही म्हणजे चालता-बोलता नकाशा आहात.” मी पुरीसारखा फुगलो. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मास्तरची मोरी सांगितली, दोन बाभळी सांगितल्या. मंगळवारच्या बाजाराला कुठल्या बाया कुठून टोपली घेऊन चढतात, चंद्रपूरला रक्त साफ करायला कोण कुठल्या वारी जातं, कॉलेजची मुलं कुठल्या मोरीवर बसून असतात, कुठल्या बाई रिकाम्या जीपमध्येसुद्धा मागच्या सीटवरच का बसतात – सगळं. वीस वर्षं रस्त्यानं आम्हाला शिकवलेलं मी तीन फेऱ्यांत त्याच्या फोनमध्ये ओतलं. तो म्हणाला, हे फक्त अभ्यासासाठी आहे, कुठं नाव येणार नाही. माझं नाव येणार नाही असं तो म्हणाला. थांब्यांची नावं येणार नाहीत, असं कुठं म्हणाला होता?

आणि तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझ्याकडचं संपलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाचं संपलं की तो काय करतो, माहीत आहे? बंद पेटी उघडतो. समोर तो पळस आला. आणि मी तेही सांगितलं. डोळ्यांचं नाही सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. डोळ्यांचंही सांगितलं. मूलच्या वळणावर वासूच्या रडण्याची नक्कलही करून दाखवली.

साहेब म्हणाला, “वा!”

मला एक टी-शर्ट मिळाला, आणि फोन अडकवायचा चिमटा. टी-शर्ट छातीत घट्ट होता.

ॲप सुरू झालं तेव्हा दुपारची वेळ होती. किसना फोन घेऊन धावत आला. कडुनिंबाखाली सगळे गोळा. त्यानं एक-एक थांबा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली – मास्तरची मोरी, दोन बाभळी, तुटकी टाकी. आधी लोक हसले, आपल्या पोराचं नाव पेपरात छापून आल्यासारखे. किसनाची सासुरवाडी आली तेव्हा तर टाळ्या पडल्या. मग हळूहळू हसणं बंद झालं. या नावांना बाहेरचा माणूस कुठून ओळखणार?

“हे आपल्यातल्याच मानसानं देल्लं,” गोविंदाभाऊ म्हणाले. रागानं नाही. घरातलं भांडं चोरीला गेल्यावर घरातलाच माणूस निघाला की आवाज पडतो, तसा पडला त्यांचा आवाज. “दगडावर हात ठेवून देल्लं.”

तेवढ्यात किसनानं पुढचं वाचलं. “रडका पळस. हा कुठचा गा?”

कुणाला माहीत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. वासू त्याच्या जीपची काच पुसत होता. फडका थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं – ड्रायव्हर आरशात मागची गाडी बघतो ना, तेवढंच. मग म्हणाला, “असन कुठचातरी.” आणि परत काच पुसायला लागला.

एक वाक्य पुरलं असतं त्याला. ‘हे नाव दोघालेच माहीत हाये.’ पण मग लोकांनी विचारलं असतं, रडलं कोण? का रडलं? त्याचं गुपितच त्याच्या तोंडावर हात ठेवून होतं. आणि मला ते माहीत होतं. मी मोठा श्वास सोडला, हे मला स्पष्ट आठवतं.

इथवरच असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. बडबड्या माणसानं बडबड केली, असं म्हणून झोपलो असतो. पण इथवरच नाही ना.

किसना म्हणाला, “वासू या महिन्यात दोनदा ऊर्जानगरले गेल्ता. इस्तरीचा शर्ट घालून. मी सोता पाह्यलो.”

गेला होता. बसचा ठेकेदार बदलला होता. वासूला वाटलं, नवा डॉक्टर ते पुस्तक उघडणार नाही. नव्या डॉक्टरनं उघडलं. दुसऱ्यांदा तो चष्मा लावून गेला – बिचाऱ्याला वाटलं, चष्म्यानं दिसेल. हे साऱ्या स्टँडवर फक्त मला माहीत होतं.

“काऊन गेल्ता बा वासू?” गोविंदाभाऊंनी विचारलं.

“काम होतं.”

“काय काम?”

वासूनं फडका झटकला. मग गोविंदाभाऊ माझ्याकडे वळले. “देवा, तू त्याचा दोस्त. तूच सांग.”

सगळे माझ्याकडे बघत होते. वासूही. त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. वाट बघणं होतं. नंबर आल्यावर ड्रायव्हर बघतो, तसं. मी खरं बोललो असतो तर माझा दगड गेला असता. खोटं बोललो असतो, औषध आणायला गेला होता, असं काहीही, तर कदाचित दोघांचे राहिले असते. तेवढं खोटं तर मी रोज बिनकामाचं बोलत होतो. पण मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मला काय सुचतं ते सांगितलंच आहे.

मी म्हटलं, “भाऊ, इस्तरीचा शर्ट घालून मानूस दोनच कामाले जाते – पोरगी पाहाले, नाई तं इमान इकाले. आन वासूचं तं लगन झालं हाये.”

सगळे खो-खो हसले. मी आयुष्यात इतका जमलेला विनोद केला नाही. आणि त्या हसण्यातच निकाल लागला. पुढे कुणी चौकशी केली नाही, कुणी शपथ घ्यायला लावली नाही. आणखी एक सांगू? वासूही हसला. जरासा. वीस वर्षांची सवय, माझ्या विनोदावर त्याचे ओठ आपोआप हलायचे. मग थांबले.

त्याचंच नाव इतकं झटकन सगळ्यांना का पटलं? तो वाचायचा म्हणून? त्याला साहेबांची भाषा यायची म्हणून? त्याचा मोहल्ला रस्त्याच्या पलीकडचा, त्याचा दगड निळा – हे कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही. इतकी वर्षं आम्ही ‘आपला वासू’ म्हणत होतो. त्या दुपारी ‘आपला’ गळून पडला आणि कुणी तो उचलला नाही. मला ठाऊक होतं तो गळून पडेल. विनोद कुठं जाऊन बसेल हे कळल्याशिवाय मी कधी तोंड उघडत नाही.

किसनानं निळा दगड रांगेतून उचलला आणि मागच्या नाल्यात टाकला. रांगेत जागा रिकामी झाली. मग, इतक्या वर्षांच्या सवयीनं, एक-एकानं आपापला दगड पुढे सरकवला.

मीही सरकवला.

वासू दुसऱ्या महिन्यात जीप विकून बायको-पोरीला घेऊन सिरोंच्याला गेला. तिकडे त्याचा साळा मासळीचा धंदा करतो. आणि तो गेल्यावर मी स्टँडवर उजळ माथ्यानं म्हणालो, “आता वासूनं इकलंच हाये तं आपून कायले उपाशी राहाचं?” ॲपमध्ये पहिलं नाव माझं. महिन्याभरात एक-एक करत सगळे गेले. शेवटी गोविंदाभाऊसुद्धा. त्यांना फोन चालवायला मीच शिकवला.

खरं सांगायचं तर प्रवाशांचं भलं झालं. बाया आता गाडी फोनवर बघून घरून निघतात, उन्हात तास-तास उभ्या राहत नाहीत. मागं लटकून जायचं बंद झालं. हे मी नाकारत नाही. दगड मात्र तसेच पडून राहिले, मग कुणीतरी त्यांची चूल मांडली.

आणि मी? मला चांदण्या पडायच्या. प्रवासी उतरला की फोनवर चांदण्या देतो ना, त्या. पाचाच्या चार झाल्या, चाराच्या तीन. खाली लोक लिहायचे. ‘चालक फार बोलतो.’ ‘गाडी चांगली, काका गप्प बसत नाहीत.’ एका सकाळी गाडी धुऊन, अगरबत्ती लावून फोन उघडला, तर पाटी – तुमचं खातं थांबवण्यात आलं आहे. नंबर फिरवला, एका गोड आवाजाच्या बाईनं मला पाच वेळा धन्यवाद दिले, पण ती बाई नव्हती, मशीन होतं. चंद्रपूरला त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान लागलेलं. साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता, दुसऱ्या कुणाला तरी चालता-बोलता नकाशा म्हणायला.

मी पायरीवर बसून राहिलो. ज्या तोंडावर त्यांनी धंदा उभा केला, त्याच तोंडासाठी मला काढलं. दगा दिला, असं वाटलं मला. हो, हाच शब्द आला मनात. दगा! मला!

हसा. मीही हसलो. पण थोड्या वेळानं.

रस्ता रुंद झाला तेव्हा तो पळस तोडला. थांबा आहे. फोनमध्ये तिथं एक टाचणी रोवलेली दिसते, खाली नाव – रडका पळस. लोक उन्हात त्या नावाखाली उभे राहतात, झाड नाही. परवा मी प्रवासी म्हणून जात होतो, तर शेजारच्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, “काका, इथं कोण रडलं होतं हो?” गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, जुना ड्रायव्हर, याला माहीत असणार. जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं, माहीत नाही.

त्याआधी एका उन्हाळ्यात नाला आटला तेव्हा मी त्यात उतरलो होतो. दगड सापडला. पिशवीत घालून घरी आणला. बायकोला सांगितलं, दार अडवायला. आणि मग यंदा तो पिशवीत घालून मी सिरोंच्याच्या बसमध्ये बसलो. अख्खा दिवस जातो तिकडे पोचायला. वाटेत वाक्य पाठ करत होतो. साधं वाक्य – ते मीच दिलं होतं वासू, आणि बोललोही मीच. इतकंच. आलापल्लीपर्यंत चांगलं पाठ झालं होतं.

बसमधून उतरलो तर समोर वासूच, मासळीच्या छोट्या गाडीला टेकून. केस पांढरे. “अबे देवा! वाट चुकला का इतक्या दूर?” त्यानं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि वाकला. “काय बे, दगड भरून आनला का?”

“हो,” मी म्हटलं, आणि हसलो. तो पण हसला.

त्याच्या घरी कमलवहिनीनं गोदावरीचा मासा तळला. वासू कुणाशीतरी फोनवर तेलुगूत भांडला आणि भांडून हसला. मासळीच्या मागण्या आता फोनवर येतात म्हणाला, नदीपलीकडूनसुद्धा. कुठली मागणी पक्की नि कुठली रद्द ते लाल-हिरव्या खुणेनं येतं, तेवढं पोरगी बघून सांगते. “इथी साऱ्यायले माहीत हाये माह्या डोळ्याचं,” तो म्हणाला. “येल्याबरोबरच सांगून टाकलो. काई होत नाई गा. कोनी काई म्हनत नाई.” आणि माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवला.

मी दिवसभर गोष्टी सांगितल्या. तो सगळ्यांवर हसला. पाठ केलेलं वाक्य जिभेपर्यंत आलं, मासा तिखट लागला म्हणून पाणी प्यालो, ते खाली गेलं. असं चार वेळा. एका माणसाला इतकं पाणी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसपर्यंत सोडायला तोच आला. पिशवी त्यानंच उचलली, वर फळीवर ठेवली, ठेवताना कापडावरून हात फिरवला – हळू, गाडीचा पार्ट हातानं ओळखावा तसा. खाली उतरला. खिडकीशी आला. बस सुरू झाली होती, म्हणून थोडा ओरडून म्हणाला,

“निळा हाये का गा अजून?”

मी म्हटलं, “हाये.”

त्यानं मान हलवली. बस निघाली.

नव्हता. दोन पावसाळे नाल्यात होता तो; रंगाचा टवकासुद्धा उरला नव्हता. तोच एक रंग त्याला चोख दिसायचा, आणि त्याचंही मी खोटं सांगितलं.